कौसामायचा हुंकार

फोडलेल्या चिंचेचा वास नाकाच्या आधी दातांना कळतो. दातांच्या मुळाशी पाणी सुटते, जिभेची कड आक्रसते आणि मग तो आंबटगोड, उन्हात तापलेल्या गुळासारखा वास नाकापर्यंत येऊन पोचतो. पाली गावाला माघ लागला की दुपारभर तो वास गढीमागच्या मोठ्या चिंचेखाली दाटलेला असे. वासापाठोपाठ ऐकू येई ती दगडावर पडणाऱ्या लहान हातोड्यांची टकटक, आणि त्या टकटकीच्या फटींतून, भरल्या रांजणावर बोट वाजवावे तसा, खोल आणि संथ उमटणारा एक आवाज : "हूं."

तो आवाज कौसामायचा. गावातल्या सात-आठ म्हाताऱ्या तिथे जमत. माघ ते चैत्र चिंचा, नंतर तुरी, पुढे भुईमुगाच्या शेंगा. लेकीसुना रानात गेल्या की घरोघरचे हातकाम या झाडाखाली येई. गोष्ट सांगणारी एक असे, ऐकणाऱ्या बाकीच्या, आणि हुंकार देणारी एक. सगळ्यांच्या माना खाली, नजर चिंचेच्या आकड्यांवर. कोण ऐकते आहे आणि कोणाचे मन कुठे भरकटले आहे, हे सांगणारीला कळावे कसे? म्हणून एकीने प्रत्येक वाक्यानंतर 'हूं' म्हणायचे. हुंकार थांबला की गोष्ट थांबे. तो मान कौसामायचा होता, आणि तिच्या हुंकाराला अनेक छटा होत्या. राजाची स्वारी निघाली की तो ताठ असे. सासू सुनेला उपाशी ठेवी तेव्हा तो दातांतून निघे. कोणी रानात वाट चुकले की त्याचे टोक हलकेच वर वळे, म्हणजे 'मग?' माझ्या वडिलांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली होती, यती कुठे घ्यावा हे शिकवले होते. दोन चरणांमधल्या शांततेलाही कुणी सांभाळणारे लागते, हे मात्र मी या निरक्षर बाईकडून शिकले.

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असे आपल्याकडे मुलांना सांगतात. झाडाखाली बसल्या पहिल्याच दिवशी मी ती शंका काढली. कौसामायने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या पांढऱ्या डोक्यांच्या सोबतिणींकडे पाहिले आणि म्हणाली, "आमचे मामा कवाच ठिकान्यावर पोचलेत, मास्तरीणबाई. तुमच्या मामाला मनावं, आजची दुपार घरीच ऱ्हावा."

मी औरंगाबादची. माझे यजमान सरकारी शाळेत मास्तर. मुले मराठी बोलणारी आणि हजिरीपट उर्दूत, अशा त्या दिवसांत त्यांची नेमणूक बीडजवळच्या या बिंदुसरेकाठच्या गावी झाली, आणि विसाव्या वर्षी मी पालीला आले. वर्षभरात मला मुलगी झाली. चौथ्या महिन्यात तापाने ती गेली. त्यानंतर मी दाराला कडी लावून बसू लागले. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत येई, ती चुलीपासून पाळण्याच्या रिकाम्या कड्यांखालच्या जमिनीपर्यंत सरके, आणि ती तिथे पोचली की मी डोळे मिटून घेई. गावातल्या बाया सांत्वनाला येऊन गेल्या. त्यांचे शब्द चांगले होते, पण पाहुण्यांसारखे येऊन पाहुण्यांसारखे परत गेले.

कौसामाय मात्र सांत्वनाला आली नाही. एका दुपारी तिने कडी वाजवली आणि चिंचेच्या आकड्यांनी भरलेली टोपली उंबऱ्यावर ठेवली. सत्तरीची, काटकुळी, उन्हाने काळवंडलेली बाई. हातात चांदीचे एकच कडे, नाक एका बाजूला किंचित वाकलेले. बसली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. एवढ्या फोडून द्या, आमच्यानं उरकत न्हाई, एवढेच बोलून गेली. मी त्या फोडल्या, कारण न फोडण्यासाठी सुद्धा काही बोलावे लागले असते. दुसऱ्या दिवशी तीच टोपली, तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. इथवर टोपली आणायला आता माझे गुडघे नाहीत, तेव्हा तुम्हीच या, असे तिने सांगितले. गुडघ्यांचे तिने सांगितले ते खोटे होते. त्याच सकाळी मी तिला नदीवरून दोन घागरी आणताना पाहिले होते.

ही तिची रीत होती. कोणाला 'मन रमवायला ये' असे ती कधी म्हणाली नाही. हमीदाबी गढीवरच्या पहारेकऱ्याची विधवा. शोकाचे दिवस सरल्यावरही ती खोलीबाहेर येईना. कौसामाय तिच्या दारात जाऊन बसली आणि पालीतल्या इतर बायांचे भाजलेले चिंचोके किती छान लागतात, याची तारीफ करत राहिली. हमीदाबीला आपल्या हातच्या चिंचोक्यांचा भारी अभिमान. दोन दिवस तिने ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी, "तुम लोगां कोयला खातेय, कोयला," म्हणत ती तवा घेऊनच झाडाखाली आली, ती मग रोज येत राहिली. गिरजाकाकूंची गोष्ट याहून जुनी. त्या वाण्याच्या घरातल्या, गळ्यात लिंग बांधणाऱ्या, कपिलधारच्या यात्रेला नेमाने जाणाऱ्या. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मळ्यातल्या विहिरीत पडून गेला, तेव्हापासून त्या कामापुरतेही बोलत नसत. तशीच वीस वर्षे गेली, आणि त्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांना कहाण्या पुष्कळ येतात हे कौसामायला ठाऊक होते. ती त्यांच्या ओसरीवर बसून चारचौघींना एक कहाणी सांगू लागली, मुद्दाम चुकवून. आवडतीला नावडती केले, थोरल्या राणीला धाकटीच्या माहेरी पाठवले. तिसऱ्या दिवशी आतून गिरजाकाकूंचा आवाज आला, की असे नाही ते. कौसामाय म्हणाली, मग कसे? आणि त्या बाहेर येऊन सांगू लागल्या. मी पालीला आले तोवर झाडाखालच्या सगळ्या गोष्टी त्यांच्याच झाल्या होत्या.

एकदा मी कौसामायला तिची ही युक्ती ओळखल्याचे सांगितले. ती हसली नाही. "या मनलं की म्हातारं मानूस येत न्हाई," ती म्हणाली. "तुज्याबिगर अडलंय मनलं की काठी शोधाय लागतंय."

काम सुरू होण्यापूर्वी ती सगळीकडे नजर फिरवी आणि हजिरी लागली का, असे विचारी; हा शब्द तिने शाळेच्या खिडकीतून उचलला होता. एखादी आली नाही तर तिच्या वाट्याची चिंचेची रास तिच्या रिकाम्या दगडाशी ठेवली जाई. तिला दुसरीने हात लावायचा नाही. संध्याकाळी जाताना ती रास तशीच राही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कौसामाय तिच्या घरी जाऊन, तुझे काम पडून आहे, सगळ्यांचा खोळंबा झाला आहे, असे रागे भरून येई. त्यांच्यातली एखादी कायमची गेली तरच ती रास मूठमूठ सगळ्यांनी वाटून घ्यायची. मी तिथे होते त्या सहा वर्षांत अशा दोन राशी वाटल्या गेल्या. माझ्या मुठीत आलेल्या आकड्यांची टरफले उन्हाने गरम झालेली होती, एवढे मला आठवते.

पुढे संधिवाताने कौसामायची बोटे धरली. आधी करंगळी वाकली, मग सगळाच हात पक्ष्याच्या पंजासारखा आखडला. हातोडी सुटून पडू लागली. तिच्या दगडाशी रास ठेवणे थांबले. मुलगा ज्ञानोबा भला माणूस, सूनही वाईट नव्हती. घरीच बसा आता आत्याबाई, तिकडे जाऊन काय करता, असे ती मायेनेच म्हणे. त्यावर कौसामायचे उत्तर ठरलेले असे : "माज्या हूंबिगर गिरजीची गोष्ट फुडं सरकत न्हाई." हे मात्र खरे होते. हात गेले तरी तिची हजिरी त्या एका अक्षरावर टिकून होती.

कार्तिकात आम्ही कपिलधारला गेलो. दोन बैलगाड्या, आठ म्हाताऱ्या आणि मी. धबधब्याला तेव्हा बरेच पाणी होते. दगडावर पाणी आपटून उडणाऱ्या तुषारांत शेवाळाचा गार, हिरवा वास होता, आणि त्या घोषापुढे शेजारणीचा शब्द ऐकू येत नव्हता. सगळ्या एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होत्या. गिरजाकाकू कुंडाकडे तोंड करून, हात जोडून, काही पुटपुटत बसल्या होत्या. मी अगदी जवळ असूनही मला त्यातला एकही शब्द कळला नाही. पण समोरच्या खडकावर बसलेली कौसामाय त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत होती, आणि योग्य ठिकाणी, एकही जागा न चुकता, तिचे ओठ 'हूं' म्हणत होते.

त्या क्षणी मला अनेक गोष्टी एकदम उमगल्या. ती गेले वर्षभर इतरांसारखी मान खाली का घालत नव्हती. पाठीमागून हाक मारली तर का वळत नव्हती. शेळीला हाकलण्यासाठी गिरजाकाकूंनी एकदा मान फिरवली तेव्हा तिचा हुंकार मध्येच का तुटला होता, आणि डोळा लागला म्हणून तिने का सांगितले होते. परतताना गाडीत मी तिच्यासमोर तोंड नेले आणि आवाज न करता, केवळ ओठांनी विचारले, की तुम्हाला ऐकू येत नाही ना? तिने माझे मनगट धरले. आखडलेल्या बोटांतही एवढा जोर असेल असे मला वाटले नव्हते.

"कुनाला सांगू नगा, माय," ती म्हणाली. "हात गेले, मी काई बोलले का? आता कान गेले मनून कळलं तर माजं तितं काय उरलं? बहिरीला हूं द्याय कोन बशीवतंय? घरी ऱ्हा मनत्याल, आन् ते बी मायेनं मनत्याल."

मी वचन दिले. पण तिच्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरू लागला होता. ओठ धूसर होत चालले होते. तेव्हा आम्ही एक खूण ठरवली. मी तिच्याशेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसू लागले. वाक्य संपले की लुगड्याच्या घोळात माझा गुडघा तिच्या गुडघ्याला हलकेच लागे. साध्या वाक्याला एकदा. दुःखाच्या जागी दोनदा. पुढे काय होणार अशी जागा आली की टेकवून तसाच ठेवायचा. हसण्यासाठी खूण ठेवली नव्हती. हसणारे चेहरे तिला अजून दिसत.

दोन वर्षे हे असे चालले. मला वाटते, त्या दोन वर्षांत मी जेवढी लक्षपूर्वक ऐकायला शिकले तेवढी आयुष्यात पुन्हा कधी शिकले नाही. गोष्टीचे दुःख नेमके कोणत्या शब्दावर सुरू होते, हे मला एका म्हातारीच्या हाडकुळ्या गुडघ्याला सांगायचे असे. आणि माझ्या स्पर्शातून तिचा हुंकार उमटला की वाटे, हे दोघींचे मिळून एक वाद्य आहे. खुंटी माझ्या हाती आणि तार तिच्या गळ्यात.

ते वाद्य माझ्या हातून मोडले.

फाल्गुनातली दुपार होती. शाळा तपासायला बीडहून मोहतमीम, म्हणजे शाळाखात्याचे अधिकारी, आले होते. त्यांच्या पत्नीला गाव पाहायचे होते, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवले गेले. माझ्या यजमानांची मोठ्या गावी बदली व्हावी असे आम्हाला वाटत होते, आणि ती या पाहुण्यांच्या शब्दावर अवलंबून होती. बाई रेशमी पदर सावरत चिंचेखाली आल्या. मी धुळीत, म्हाताऱ्यांच्या रांगेत, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला माझ्या लुगड्यावरची चिंचेची टरफले दिसली. मी उठले, ती झटकली, थोड्या अंतरावर सतरंजी अंथरली आणि त्यांच्याबरोबर तिच्यावर बसले. अंतर दोन हातांचे असेल.

त्या दिवशी गिरजाकाकूंनी जी गोष्ट काढली ती त्यांनी पूर्वी कधी सांगितली नव्हती. परकी बाई आली म्हणून त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्या आडोशामुळेच कदाचित त्यांना धीर आला असावा. इतक्या वर्षांत त्यांच्या कहाण्यांत महाल आले, रान आले, नद्या आल्या. विहीर कधी आली नव्हती. "राणीचं लेकरू हिरीच्या काठाला खेळत हुतं," त्या म्हणाल्या, आणि एकेक करून सगळ्या हातोड्या थांबल्या. ही कोणाची गोष्ट आहे हे सगळ्यांना कळले होते.

पदराआडचे ओठ कौसामायला दिसत नव्हते. मी तिच्या गुडघ्याची हालचाल पाहिली. लुगड्याखाली तो हळूच बाजूला सरकला, माझ्या जागेवर गेला, तिथे काही सापडेना तसा थबकला. मी ते पाहिले आणि जागची हलले नाही. तेवढ्यात शेळीचे एक करडू हमीदाबीच्या मांडीवर चढून तिच्या तव्यातला चिंचोका हुंगू लागले आणि पाहुण्या बाईंना हसू आले. गोष्टीकडे त्यांचे लक्षच नव्हते. त्या हसल्या म्हणून भिडेने मीही हसले. कौसामायने आमचे हसरे चेहरे पाहिले. गिरजाकाकू तेव्हा सांगत होत्या, की लेकराला वर काढले, तेव्हा त्याच्या मुठीत शेवाळ होते. आणि कौसामायने तिचा तो आनंदाचा हुंकार दिला, मोठ्याने, हसत, राजपुत्राच्या लग्नाला द्यावा तसा : "हूं, मग!"

झाडावरून एक आकडा सुटून टरफलांवर पडला, तोही ऐकू आला. गिरजाकाकूंनी पदर बाजूला केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कारण नसताना कोणी चापट मारल्यावर लहान मूल पाहते तसे त्या पाहत होत्या. पाहुण्या बाई म्हणाल्या, या बाईंना ऐकू येत नाही वाटते. हमीदाबीने कौसामायच्या पाठीमागे जाऊन तवा वाजवला. ती वळली नाही. ती एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती, आपल्या हातून काय घडले ते वाचू पाहत होती, आणि शेवटी तिची नजर माझ्यापाशी आली. आमची खूण मला एकटीलाच ठाऊक होती, मी सांगू शकले असते, की चूक माझी आहे, गुडघा मी काढून घेतला. मी खाली पाहिले.

ती उठली. काठी घ्यायला तिला वेळ लागला.

त्या बाया दुष्ट नव्हत्या, हे मला सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी गिरजाकाकूंशिवाय सगळ्या तिच्या घरी गेल्या. हाताने खुणा करून, तोंड मोठे करून त्यांनी तिला समजावले, की काही मनाला लावून घेऊ नको. तू नुसती येऊन बस. तुला काही करायला नको. ती त्यांच्याबरोबर आली. तिला झाडाच्या बुंध्याशी, सावलीच्या चांगल्या जागी, घोंगडीवर बसवले. कोणीतरी पाणी दिले. कहाणी दुसरीच कोणी सांगत होती, आणि हुंकार हमीदाबी देत होती. कौसामाय हमीदाबीच्या ओठांकडे पाहत राहिली. ते ओठ मिटत होते आणि उघडत होते. साऱ्या गावाला ज्या बाईने 'तुज्याबिगर अडलंय' म्हणून घराबाहेर काढले, तिला तिच्याच झाडाखाली आम्ही सांगितले होते, की तुझ्यावाचून काही अडत नाही. ती पुन्हा आली नाही.

मी तिच्या रीतीने तिला आणायला गेले. चिंचेची टोपली नेऊन तिच्यापुढे ठेवली. गोठ्याच्या पडवीत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. केस विंचरलेले नव्हते, शेजारची भाकरी वाळून गेली होती. तिने टोपली पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि पायाने ती टोपली हळूच मागे सारली.

"माजीच इद्या मला शिकवू नगा," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

सून रडकुंडीला आली होती. आत्याबाई दोन घास खात नाहीत, कावून रुसल्या तेही सांगत नाहीत, असे ती दारात उभी राहून मला सांगत होती. कावून, म्हणजे का, हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ते मी गिरजाकाकूंना सांगितले. त्यांच्या ओसरीवर बसून मी सगळे सांगितले : कपिलधारचे खडक, गुडघ्याची खूण, सतरंजी. त्यांनी गळ्यातले लिंग मुठीत धरले. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं म्या बहिऱ्या बाईला गोष्टी सांगितल्या मना की." आणि मूठ सोडून : "तरी बी तिच्यावानी कुनी ऐकलं न्हाई."

त्या त्याच दिवशी पडवीत जाऊन तिच्या पायाशी बसल्या. कौसामायने त्यांच्याकडे तोंड केले नाही. मला वाटते, त्यांच्या चेहऱ्यावर क्षमा दिसेल, आणि क्षमा म्हणजेही एक प्रकारची घोंगडीवरची जागाच, असे तिला वाटले असावे. गिरजाकाकूंनी मग चिंचेखाली एकही गोष्ट सांगितली नाही. कोणी आग्रह केला तर म्हणत, ती गोष्ट तिथेच आहे, विहिरीच्या काठाला; तिला पुढे नेणारी येऊ दे. हातोड्या वाजत राहिल्या. त्यांच्या मधल्या फटी नुसत्या फटी उरल्या.

चैत्र संपता संपता आमच्या बदलीचा हुकूम आला. माजलगाव. ज्यासाठी मी दोन हात बाजूला सरकले होते ते मला मिळाले.

सिंदफणेकाठच्या त्या गावी आम्ही पोचलो आणि पंधरवड्याच्या आत कौसामाय गेल्याचा निरोप आला. पालीहून बाजाराला आलेल्या ज्ञानोबाने स्वतः सांगितले. तिसऱ्या दिवशी सगळ्या झाडाखाली जमल्या होत्या म्हणे, रिवाजाप्रमाणे तिचा वाटा वाटून घ्यायला. पण तिच्या दगडाशी रासच नव्हती. कितीतरी दिवसांत नव्हती. रिकाम्या मुठी घेऊन त्या थोडा वेळ बसल्या आणि उठून गेल्या. मी तिथे नव्हते. असते, तर माझी मूठ रिकामी नव्हती हे त्यांना सांगितले असते. कारण निघण्याच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडे गेले होते.

पडवीत कडब्याचा आणि शेणाचा उबदार वास होता. ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडली होती; श्वास उथळ चालला होता. मी टोपली नेली नव्हती. तिला परत आणण्याची कोणतीही युक्ती माझ्यापाशी उरली नव्हती. तिच्या मागे भुईवर बसताना मला कळले, की या खेपेला मी तिच्यासाठी आलेच नाही. मला काहीतरी सांगायचे होते. ते मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, यजमानांनाही नाही, आणि ते सांगायला मला हुंकार देणारी हवी होती. तिच्यावाचून माझे खरोखर अडले होते.

मी तिचा आखडलेला हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला, आवाज जिथे थरथरतो तिथे. तिची बोटे कोरडी होती, वाळल्या शेंगांसारखी. मग मी सांगू लागले. एका गावात एक मास्तरीण होती. तिला एक मुलगी झाली. मुलीच्या कानामागे जावळाचा एक भोवरा होता. तिच्या टाळूला दुधाचा आणि वेखंडाचा वास येई. आई कविता म्हणू लागली की ती रडायची थांबे आणि ओठांकडे पाहत राही.

प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते. हुंकार येत नव्हता. फक्त बोटे गळ्यावर होती. चौथ्या महिन्यात तिला ताप आला, मी म्हणाले. संध्याकाळी आईने तिला मांडीवर घेतले, आणि…

यापुढचे वाक्य मला कधीच पूर्ण करता आले नव्हते. तेव्हाही आले नाही. गोठ्यात बैलाने मान हलवली, घुंगरू वाजले, थांबले. तिच्या बोटांखाली माझा आवाज तुटला होता. ती बोटे तिथेच थांबून राहिली, जणू रिकाम्या जागेत गुडघा शोधत आहेत. मग ती जराशी दाबली गेली. कौसामायने भिंतीकडचे तोंड सावकाश माझ्याकडे वळवले आणि, डोळे न उघडता, टोकाशी हलकेच वर वळलेल्या त्या जुन्या आवाजात म्हणाली, "हूं?"